तीन महिन्यांपुढचं दुखणं: आजार म्हणायचा की लक्षण?

केतकीबन:
अखेर माझ्या फाइलवर निदान आलं: 'दीर्घकालीन प्राथमिक वेदना'. सात वर्षं एक्स-रे, एमआरआय, रक्त सगळं नॉर्मल, आणि इकडे वेणी घालायला हात कानाच्या वर नेला की खांदा पेटतो. मध्ये दोनदा थांबते, तेव्हा कुठे पेड पुरे होतात. "रिपोर्ट चांगले आहेत, मनातून काढून टाका", हेच ऐकत आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात (२०२२ पासून लागू) तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उठणाऱ्या वेदनेची स्वतंत्र नोंद आहे. माझा फायब्रोमायल्जिया (अंगभर दीर्घकाळ दुखत राहण्याचा आजार) त्यातच येतो. दुखणं हाच आजार, असं कुणीतरी लिहून दिलं याचं मोल मला विचारा.

वाटसरू७:
मला हे पटत नाही. नाव मिळालं की शोध थांबतो. माझ्या बहिणीच्या ओटीपोटातल्या दुखण्याला असंच नाव चिकटलं; दीड वर्षाने दुर्बिणीतून पाहिलं तर एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं). कारण सापडलं नाही आणि कारणच नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि तीनच महिने का? नव्वदाव्या दिवशी नसांमध्ये असं काय बदलतं?

हळदुली (फिजिओथेरपिस्ट):
तीन महिने ही सोयीची रेघ आहे, मान्य. पण वर्गीकरणात 'प्राथमिक' सोडून आणखी सहा गट आहेत: कर्करोग, शस्त्रक्रिया किंवा इजा, मज्जातंतू, डोकं-जबडा, आतले अवयव, हाडं-स्नायू. 'प्राथमिक' तेव्हाच लिहायचं, जेव्हा दुसऱ्या कुठल्या निदानाने दुखण्याचा उलगडा होत नाही. तुमच्या बहिणीचं दुखणं आतल्या अवयवांच्या गटात गेलं असतं.

वाटसरू७:
गेलं असतं, पण गेलं नाही ना! आणि याचे परिणाम औषधांपर्यंत जातात. ब्रिटनमध्ये उपचारांच्या शिफारशी करणाऱ्या नाइस संस्थेची २०२१ ची मार्गदर्शिका सांगते की प्राथमिक वेदनेला पॅरासिटामॉल, ओपिऑइड (अफूवर्गीय वेदनाशामकं) सुरू करू नका. व्यायाम, मानसोपचार, काही अँटिडिप्रेसंट (नैराश्यावरची औषधं) द्या. निदानच चुकलं असेल तर?

केतकीबन:
अँटिडिप्रेसंट मलाही आहे. घरी लगेच, "म्हणजे मनाचंच!" आणि 'प्राथमिक' ऐकून सासूबाई म्हणाल्या, "सुरुवातच आहे ना, मग होईल बरं." मराठीत हा शब्द बदलायलाच हवा. पण वेदना-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये सुधारलेल्या वेदनेच्या व्याख्येसोबत स्पष्ट म्हटलंय: माणूस दुखतंय म्हणतो, त्याचा मान राखा. तुमच्या बहिणीलाही तेच हवं होतं.

वाटसरू७:
हो, ते हवंच होतं. फक्त निदानाशेजारी पुन्हा तपासायची तारीखही लिहा.