मदत हवी आहे : लिनक्सवर व्हीए-एपीआय (व्हिडिओचं काम ग्राफिक्स चिपकडून करून घेण्याची सोय) वापरणारं, माऊसने चालणारं व्हिडिओ कन्व्हर्टर

नमस्कार मंडळी,

कॅमेऱ्यातले शंभरेक जुने व्हिडिओ एच.२६४ या जुन्या व्हिडिओ फॉरमॅटमधून एचईव्हीसी या कमी जागा घेणाऱ्या फॉरमॅटमध्ये नेऊन डिस्कवर जागा करायची आहे. प्रोसेसर एएमडीचा, ग्राफिक्स त्यातलंच, ड्रायव्हर मेसाचा. सीपीयूवर एक्स२६५ (एचईव्हीसी बनवणारा सॉफ्टवेअर एनकोडर) लावलं तर दहा मिनिटांच्या फाइलला पाऊण तास जातो आणि पंख्याच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही.

ग्राफिक्स ठीक चालतंय हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पहिला प्रतिसाद तोच येईल. व्हीएआयन्फो या कमांडमध्ये (चिपला काय जमतं ते ती दाखवते) एचईव्हीसी मेनपुढे व्हीएलडी आहे तसं एनकस्लाइसही आहे, म्हणजे डिकोड (व्हिडिओ उलगडणं) आणि एनकोड (नव्याने बनवणं) दोन्ही होतं. टर्मिनलमधून एफएफएमपेग या कमांडने व्हीए-एपीआय वापरून तीच फाइल सहा मिनिटांत केली. (त्याआधी तासभर नुसत्या एरर. फ्रेम एनव्ही१२ या पिक्सेल फॉरमॅटमध्ये आणून ग्राफिक्सच्या मेमरीत चढवाव्या लागतात, हे कुठे माहीत होतं!)

अडचण अशी की पुढचं काम बाबा करणार आहेत आणि ते टर्मिनलला हात लावत नाहीत. स्क्रिप्ट लिहून दिली होती. फाइलच्या नावात स्पेस आली आणि ती पहिल्याच दिवशी आडवी झाली. त्यांना हँडब्रेक हे माऊसने चालणारं कन्व्हर्टर जमतं, पण तिथे एनकोडरच्या यादीत हार्डवेअरचं नावच नाही. ते फ्लॅटपॅक (अॅप बाकी सिस्टीमपासून वेगळं ठेवणारं पॅकेज) म्हणून टाकल्यामुळे असेल का? दुसरं काही सुचवाल का? फायली रांगेत लावता आल्या आणि ऑडिओ जसाच्या तसा राहिला की झालं.

प्रतिसाद १
फ्लॅटपॅकला दोष देऊ नका. हँडब्रेकने एनकोडिंगसाठी व्हीए-एपीआय घेतलेलंच नाही. इंटेल असतं तर फ्लॅटपॅकचं क्विकसिंक (इंटेलची हार्डवेअर एनकोडिंगची सोय) प्लगइन वेगळं टाकून भागलं असतं. तुम्ही एव्हिडेमक्स हा व्हिडिओ एडिटर बघा. व्हिडिओ आउटपुटमध्ये व्हीए-एपीआयचा एचईव्हीसी निवडा, ऑडिओ 'कॉपी'वरच ठेवा. फाइल उघडून रांगेत टाकायची, मग सगळ्या एकदम सोडायच्या. शंभर वेळा उघडणं कंटाळवाणं आहे, मान्य. शॉटकट या दुसऱ्या एडिटरमध्ये प्लेलिस्टमधली प्रत्येक फाइल स्वतंत्र एक्स्पोर्ट होते आणि हार्डवेअर एनकोडरची खूणही आहे, पण तिथे ऑडिओ पुन्हा एनकोड होतो.

प्रतिसाद २
जागा वाचवणं हाच हेतू असेल तर जरा थांबा. त्याच दर्जासाठी हार्डवेअर एनकोडरची फाइल एक्स२६५च्या संथ प्रीसेटपेक्षा मोठी होते. एक्स२६५चा सीआरएफचा (दर्जा ठरवणारा) आकडा इथे उचलून चालत नाही. हार्डवेअरचा दर्जाचा आकडा, म्हणजे क्यूपी, वेगळा (जितका मोठा तितकी फाइल लहान आणि दर्जा कमी), तो चाचपडत ठरवावा लागतो. पानं हलतायत किंवा पाऊस पडतोय असा एखादा तुकडा घ्या, दोन-तीन क्यूपींवर काढा आणि अंधाऱ्या भागात चौकोन दिसतात का ते पाहा. मूळ फायली तोवर पुसू नका.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. एव्हिडेमक्स चाललं. पावसाची क्लिप पहिल्या क्यूपीला मूळ फाइलपेक्षा मोठी निघाली, हसावं की रडावं कळेना. आकडा वाढवल्यावर साधारण निम्म्यावर आली आणि डोळ्यांना फरक जाणवला नाही. जुन्या अंधाऱ्या क्लिप मात्र रात्री एक्स२६५वरच सोडणार. बाबांनी आज आठ फायली स्वतः रांगेत लावल्या. एमकेव्ही हा फाइलचा प्रकार निवडायला फक्त एकदा हाक मारली.