गौरीला मुळासकट तेरडाच का?

प्रश्न (बोरिवली): आम्ही मूळचे राजापूरचे, आमची गौर तेरड्याची. यंदा दादरच्या फूलबाजारातून घाईत जुडी उचलली, घरी येऊन बघतो तर मुळं छाटलेली! आई म्हणाली, "बिनपायाची आणलीस?" मुळांचं एवढं काय? बाहेरच्या देशांत असं काही असतं का?

उत्तर १: मुळं म्हणजेच गौरीची पावलं, म्हणून रोप उपटूनच आणायचं. गावी पाणवठ्यावरून आणतात, आम्ही चाळीच्या नळावरून.

उत्तर २ (वर्सोवा): आमची एकवीरा आई कार्ल्याच्या डोंगरावर. दर्या मात्र देव, नारळी पुनवेला नारळ त्याला. ब्राझीलमध्ये उलट, समुद्रच आई! साल्वादोरचे मच्छीमार २ फेब्रुवारीला येमांजाला होड्यांतून फुलं नेतात.

उत्तर ३: पेरू-बोलिव्हियात पाचामामा म्हणजे खुद्द जमीन. ऑगस्टमध्ये खड्डा खणून तिला कोकाची पानं नि मक्याची दारू देतात. मूर्ती लागतेच असं नाही. तुमच्या तेरड्याच्या जवळचं हेच वाटतं.

प्रश्नकर्ता: आईला वाचून दाखवलं. दारूवर नाक मुरडलं, पण लगेच विचारलं, "खड्डा केवढा खणतात?"