दोन एकराला एक नोकरी: जमीन द्यावी की अडून बसावं?

भिवापुरी तिखट (धागाकर्ता)

राहतो नागपुरात, मानेवाड्याला. शेत उमरेडच्या बाजूला. बाबा आणि दोन काका मिळून पाच एकर, सातबारा अजून आजोबांच्याच नावावर. कोळशाच्या खुल्या खाणीच्या विस्तारात आमचं शिवार जाणार अशी कुजबुज चार वर्षांपासून होती. आता मोजणीवाले येऊन गेले. काका म्हणतात, द्या आणि मोकळे व्हा. बाबा म्हणतात, मी मेल्यावर काय ते करा.

माझं मत सरळ सांगतो, मग शिव्या घाला. द्यावी. सोयाबीन आणि कापसानं गेल्या दहा वर्षांत घरात पैसा आणला कमी, नेला जास्त. रानडुकरं वेगळीच. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दोन एकराला एक नोकरी आहे. म्हणजे आम्हाला दोन नोकऱ्या, उरलेल्या एकराचे नोकरीऐवजी ५ लाख, आणि जमिनीचा मोबदला वेगळा. माझा चुलतभाऊ बीई करून हिंगण्यात कंत्राटावर बारा-बारा तास राबतो. त्याला हे का नको?

जुना ओव्हरमन

द्या म्हणणाऱ्यांत मी पण आहे, पण आधी दोन गोष्टी ऐका. कामठी एरियात ३४ वर्षं काढली, त्यातली २२ जमिनीखाली.

पहिली गोष्ट. जमिनीच्या बदल्यात लागणारं पोरगं बहुतेक वेळा जनरल मजदूर म्हणून लागतं, कॅटेगरी एक. बीई असो की दहावी. खुर्ची मिळेल या भरवशावर येऊ नका. पुढं मायनिंग सरदारकीची, ओव्हरमनची (म्हणजे खाणीतल्या देखरेखीच्या पदांची) परीक्षा द्यावी लागते, त्यात पाच-सात वर्षं जातात. पण पगार वेतन करारानं ठरतो. मागचा करार मे २०२३ मध्ये झाला, १९ टक्के वाढ मिळाली. क्वार्टर, दवाखाना, पेन्शन. माझ्या बापानं १९७३ च्या आधी खासगी मालकाच्या खाणीत टोपल्यानं कोळसा भरला आहे, राष्ट्रीयीकरण म्हणजे काय ते आमच्या घराला विचारा.

दुसरी. खुल्या खाणीत कोळशावरची माती काढायचं काम आता बहुतेक ठेकेदाराकडं असतं. त्यामुळं "खाण आली की गावाला काम" हे आमच्या वेळचं गणित आता तसंच राहिलेलं नाही.

कोरडवाहू

शीर्षकात "द्यावी की" असं लिहिलंय, म्हणजे आपल्याला विचारलंय असा तुमचा समज दिसतो. कोळशाची जमीन १९५७ च्या वेगळ्या कायद्यानं घेतात, कोल बेअरिंग एरियाज. त्यात संमती विचारायची तरतूदच नाही. कलम ७ ची, म्हणजे जमीन घेणार असं सांगणारी अधिसूचना निघाली की आक्षेप घ्यायला ३० दिवस. तेवढ्यात कागद काढायचे, वकील गाठायचा आणि घरातली भांडणं पण मिटवायची. आजोबांच्या नावाचा सातबारा घेऊन तुम्ही काय करणार आहात?

आणि ती जमीन परत येत नाही. कोळसा संपला, खड्डा पाण्यानं भरला, तरी नाही. एप्रिल २०२२ मध्ये केंद्रानं धोरण काढलं, कोळसा काढून झालेल्या अशा जमिनीवर वॉशरी (कोळसा धुण्याचा कारखाना), सौर प्रकल्प, ऊर्जेचे इतर उद्योग आणता येतील. शेतकऱ्याला परत द्यावी हा विचार त्यात कुठं नाही.

तुमचा हिशेब पण अर्धा आहे. तीन भाऊ, दोन नोकऱ्या. तिसऱ्याच्या पोराचं काय ते लिहा की राजेहो.

भिवापुरी तिखट

तिसऱ्याचा पोरगा म्हणजे मीच. मला नोकरी आहे, मी पाच लाखांवर राजी आहे.

सावनेरची लेक

तीन भाऊ, तीन भाऊ चाललंय केव्हाचं. आत्या नाही का तुम्हाला?

आमची अडीच एकर अशीच गेली. दोन एकरावर एक नोकरी, ती भावाला. मी हक्कसोडपत्रावर सही केली. सही झाल्यावर तहसीलच्या बाहेर तर्री-पोहे खाल्ले, दिवाळीला साडी आली. भाऊ वाईट नाही, फोन करतो. पण तो क्वार्टरमध्ये, त्याची पोरं इंग्रजी शाळेत, आणि माझा नवरा अजून दुसऱ्याचं शेत ठेक्यानं करतो. २००५ ला कायदा बदलला, मुलीला बरोबरीचा वाटा मिळाला. शेतीचा वाटा मागितला असता तर निदान बांधावर उभी राहिले असते. नोकरीचे तुकडे पडत नाहीत ना.

कोरडवाहू

+१. हाच मुद्दा मला मांडता येत नव्हता. जमीन चार जणांची असते, हाजरी एकाच्या नावावर लागते.

धरमपेठी

मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. आणखी कोळसा हवाच कशाला? खापरखेड्याचं वीज केंद्र १३४० मेगावॅट, कोराडीच्या केंद्रात ६६० चे तीन संच, आणि वर अजून दोन आणायचं घाटतंय. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बांध फुटला तेव्हा राख शेतांत पसरली, कन्हानच्या पाण्यापर्यंत गेली. तेच पाणी नागपूर पितं. सौर ऊर्जेवर बोला.

जुना ओव्हरमन

बोलू की. मे महिन्यात ४६ डिग्रीला रात्री अकरा वाजता तुमचा एसी कशावर चालतो तेवढं सांगा, मग बोलू. राखेचं म्हणणं मात्र खरं आहे, त्याला माझ्याकडं उत्तर नाही.

घुग्घुसकर

खुल्या खाणीचा खड्डा निदान दिसतो तरी. आमच्या घुग्घुसला ऑगस्ट २०२२ मध्ये आमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं, सत्तर-ऐंशी फूट खाली. खाली जुनी भूमिगत खाण. घरातली माणसं आधी बाहेर पडली म्हणून वाचली. ओव्हरमन काका, तुम्ही खाली २२ वर्षं होता, पोकळी वाळूनं भरतात ना?

जुना ओव्हरमन

भरायची असते.

बिनसातबारा

सगळे सातबारावालेच बोलताहेत, म्हणून लिहितो. माझा बाप सालदार होता, मालकाकडं वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. गाव उठलं तेव्हा मालकाला मोबदला मिळाला, मालकाच्या पोराला नोकरी लागली. आम्हाला नवीन गावठाणात प्लॉट आणि थोडी रोख. एकराच्या हिशेबात आम्ही बसतच नाही, एकर नव्हताच. ढिवरांचं तळं गेलं, गुराख्याचं चरण गेलं, त्यांची पण गत तीच.

आता उलटं ऐका. मी ठेकेदाराकडं डंपर चालवतो. रात्रपाळीत धूळ एवढी की समोरच्या गाडीचा लाल दिवा दिसत नाही, खोकला कायमचा. पक्कं काही नाही, ठेका संपला की घरी. तरी सालानं राबण्यापेक्षा बरं. बाप मालकाच्या ओसरीवर चढत नव्हता, मी हॉटेलात त्या मालकाच्या पोरासोबत एका टेबलावर चहा पितो. तुमची शेती वाचली पाहिजे म्हणून मी रस्त्यावर उतरावं असं कोणाला वाटत असेल तर काहून, ते समजावून सांगा.

कोरडवाहू

समजावून नाही सांगता येत. पण एक करता येईल. खाणीच्या रॉयल्टीवर जिल्हा खनिज प्रतिष्ठानाला रक्कम जाते, २०१५ च्या आधीच्या खाणपट्ट्यांवर रॉयल्टीच्या ३० टक्के. ती बाधितांसाठी असते, आणि बाधित म्हणजे फक्त जमीनवाला नाही. तुमच्या वस्तीवर काय आलं त्यातून?

बिनसातबारा

पाण्याची टाकी आली. पाणी यायचं आहे.

धरमपेठी

धागाकर्ते गायब झाले?

भिवापुरी तिखट

इथंच आहे, वाचत होतो. मत अजून तेच आहे, देण्याचं. पण सातबारा आधी वारसांच्या नावावर करायचं ठरवलं, सगळ्या वारसांच्या. रविवारी काका येताहेत कागद घेऊन. काल आत्याला भंडाऱ्याला फोन केला, तू पण ये म्हटलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा शेताच्या बैठकीला बोलावलं असेल. ती म्हणाली, "मले काहून बोलावतं बापू, सही पायजे का?"

मी हो पण म्हणू शकलो नाही आणि नाही पण.