लांबचा खेळाडू, आपल्या पडवीतला

तेरडा
काल माटवी, म्हणजे गणपतीच्या वरची फळापानांनी सजवायची चौकट, बांधताना बाबांच्या हातातून कवंडळाचं फळ दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा निसटल्यावर त्यांनी हात लेंग्याच्या खिशात घातला आणि "तू बांध, मी खालून देतो" म्हणाले. डावा हात. सहा महिने आम्ही बघतोय, ते दाखवत नाहीत. रात्री झोप लागली नाही. आजोबा आठवत राहिले.

आजोबांनाही हेच होतं. तेव्हा सगळे कंपवात म्हणायचे. वाडीच्या भजनात ते पखवाज वाजवायचे, आसपासच्या गावांतून बोलावणं यायचं. हात थरथरायला लागला तसा पखवाज खोळ घालून माळ्यावर गेला. पाहुण्यांसमोर चहा घेणं बंद, कारण कपबशी वाजायची. बाहेर निघाले की हात उपरण्याखाली.

२० जुलै १९९६, शनिवार. सकाळची शाळा, व्हाळाला पाणी चढतंय म्हणून लवकर सोडलेली. घरी आले तर टीव्हीवर अटलांटा ऑलिंपिकचा उद्घाटन सोहळा. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती. जॅनेट इव्हान्स ही पोहणारी मुलगी मशाल घेऊन चढण चढत गेली आणि वर अंधारातून एक दांडगा माणूस पुढे आला. पांढरे कपडे. उजव्या हातात मशाल, आणि डावा हात लटलट कापतोय. अख्ख्या जगासमोर.

आजोबांनी विचारलं, "हो कोण?" काका सांगायला लागला, मुहम्मद अली, तीनदा हेवीवेट जगज्जेता, १९८४ मध्ये पार्किन्सन्सचं निदान झालं. आजोबा ऐकतच नव्हते. ते त्या हाताकडे बघत होते. ज्योत पटकन लागेना, जाळ उलटा त्याच्या हातावर येतोय असं वाटलं. त्याने हात मागे घेतला नाही. लागली एकदाची. आजोबा म्हणाले, "लपवल्यान नाय." एवढंच, आणि उठून गेले.

त्या वर्षी गणपतीत ते भजनाला बसले. पखवाज नाही, झांज घेतली. मधेमधे ताल सुटायचा. बुवांनी एकदाही वळून बघितलं नाही.

मला बॉक्सिंगमधलं काही कळत नाही. पण अली आमच्या पडवीत येऊन गेला, असंच मला आजही वाटतं. तुमच्याकडे कोणी आलं होतं का असं? कुठल्याही देशातलं, कुठल्याही काळातलं. लिहा.

रातांबा
काटा आला गं अंगावर. बाबांना न्यूरोलॉजिस्टला दाखवलंस का? सगळी थरथर पार्किन्सन्सची नसते, माझ्या सासूबाईंची थायरॉईडची निघाली होती. आधी दाखवून घे. अनुभव नंतर लिहिते, कुकर लावलाय.

पेटीहापूस
मी पण लिहितो. कुणाला सांगितलं नव्हतं आजवर.

मे १९९९. आमचे अण्णा गेले ते ऐन हंगामात. झाडावर आंबा तयार, खाली उतरवलेला आढीत पिकायला लागलेला. दोन दिवसांत पेट्या वाशीला गेल्या नाहीत तर वर्षाचं पीक मातीत, आणि त्या बागेवर काढलेलं कर्ज अण्णांच्याच नावावर. तिसऱ्या दिवशी मी पेट्या भरायला बसलो. भावकीत बोलणी सुरू झाली. एका वडीलधाऱ्यांनी तर दारात उभं राहून विचारलं, बापाची राख थंड झाली काय रे?

त्याच आठवड्यात सचिनचे वडील गेले होते. १९ मेला. तो इंग्लंडहून घरी आला, मधला झिम्बाब्वेचा सामना आपण तीन धावांनी हरलो, आणि २३ तारखेला तो ब्रिस्टलला केनियाविरुद्ध उतरला. नाबाद १४०. शेजारच्या घरात टीव्ही चालू होता. मी त्यांच्या खळ्यात पेंढा घालून पेट्या भरतोय आणि आत शतक झालं. त्याने बॅट नि मान वर आभाळाकडे केली, डोळे लाल दिसत होते. मी हातातला आंबा तसाच धरून बसलो. गेल्या पाच दिवसांत रडलो नव्हतो, तेव्हा रडलो. शेजारच्या काकी बाहेर आल्या, काही बोलल्या नाहीत, बाजूला बसून पेंढा झाडून द्यायला लागल्या. रात्री ट्रक गेला.

अण्णांना क्रिकेट अजिबात आवडायचं नाही. कॉमेंट्री लावली की रेडिओ बंद करायचे.

आबोली
पेटीहापूस, त्या काकींना नमस्कार सांगा.

पेटीहापूस
त्या पण गेल्या गेल्या वर्षी.

सडा
भावांनो मी जरा हलकं लिहितो. १९८७ चा विश्वचषक, लाहोर. शेवटची विकेट, शेवटचा चेंडू, पाकिस्तानला दोन धावा हव्यात. वेस्ट इंडिजचा कोर्टनी वॉल्श चेंडू टाकायला धावत आला तर नॉन स्ट्रायकर सलीम जाफर क्रीज सोडून पुढे. वॉल्श थांबला. यष्टी उडवून त्याला बाद करता आलं असतं, पण नुसती ताकीद दिली. अब्दुल कादिरने दोन काढल्या, वेस्ट इंडिज हरलं, पुढे उपांत्य फेरीलाही पोचलं नाही.

आमच्या वाडीत सड्यावर अंडरआर्म स्पर्धा असते. माझ्या थोरल्या भावाने अंतिम सामन्यात असंच सोडून दिलं एकाला. बक्षीस बोकड होता. आमची टीम आजही त्याला वॉल्श म्हणते, काहीजण प्रेमाने आणि काहीजण त्या बोकडाच्या आठवणीने 😀 त्याची बायको पण वॉल्श म्हणते. मला तो तेव्हा मूर्ख वाटलेला. आता माझा मुलगा त्या वयाचा आहे, तो मॅच हरून आला की मी त्याला काकाकडे पाठवतो.

खळं
बोकड कोणी नेला मग? 😂

सडा
खालच्या वाडीने. आम्हाला जेवायला बोलावलं होतं पण.

आबोली
मी उषा. म्हणजे पी. टी. उषा. १९८४, लॉस एंजेलिस, ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत. रुमानियाची क्रिस्तियाना कोजोकारू ५५.४१, उषा ५५.४२. ब्राँझ गेलं.

आमच्या घरी बातम्या रेडिओवर ऐकल्या. आजी चुलीपुढे. तिने आईला विचारलं, सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे केवढा गो? आई शिक्षिका, तिने बरंच समजावून बघितलं, पापणी लवते त्याच्याही आत वगैरे. आजीला पटेना. पापणी लवायच्या आत मेडल कसं जाईल? मग पेपरात आलं की उषाने शेवटी छाती पुढे टाकली असती तर मिळालं असतं. हे मात्र आजीला लगेच समजलं. त्यानंतर माझ्या शाळेतल्या प्रत्येक शर्यतीच्या दिवशी ती दारापर्यंत यायची आणि सांगायची, "फितीवर छाती घाल." बोर्डाच्या परीक्षेला जातानाही तेच. नर्सिंगच्या मुलाखतीला जातानाही तेच.

ती शर्यत मोरोक्कोच्या नवल अल मुतवक्किलने जिंकली होती, तिच्या देशाचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. हे मला फार नंतर कळलं. तिच्याही आजीने काहीतरी सांगितलं असेल का, असं मनात येतं.

रातांबा
आले. कुकर झाला.

माझी याना नोव्होत्ना, टेनिसवाली. १९९३ ची विम्बल्डन फायनल, तिसऱ्या सेटमध्ये ४-१ ने पुढे आणि तिथून स्टेफी ग्राफकडून हरली. बक्षीस घेताना तिथल्या राजघराण्यातल्या केंटच्या डचेसच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडली. माझ्या ताईचं ठरलेलं लग्न जून महिन्यात मोडलं होतं. पत्रिका छापून आलेल्या. ताई एक थेंब रडली नाही. भांडी घासायची, विहिरीवर जायची, बोलायची पण नीट. आईला त्याचीच भीती वाटायची. त्या रात्री आम्ही सगळ्या टीव्हीपुढे, नोव्होत्ना रडायला लागली आणि ताईने बाजूला बसलेल्या आत्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. अर्धा तास. आत्याने टीव्ही बंद करू दिला नाही.

९७ ला पुन्हा फायनल, पुन्हा हरली, हिंगिसकडून. ९८ ला जिंकली. तोवर ताई चिपळुणात, कडेवर वर्षाचा मुलगा. तिने खास एसटीडी बूथवरून फोन केला, "जिंकली गं ती." नाव पण नाही घेतलं. २०१७ मध्ये नोव्होत्ना गेली, ४९ वर्षांची फक्त, कॅन्सर. त्या दिवशी मी फोन केला, आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही.

खळं
सचिनाचे गुरू आचरेकर सर आमच्या मालवणचे. स्टंपार रुपयाचा नाणा ठेवीत, सचिनाक जो औट करीत तेका ता नाणा, नाय झालो तर सचिनाक. तेच्याकडे अशी तेरा नाणी असत. ह्या वाचून आमच्या काकान स्टंपार काजीच्यो बियो ठेवूक सुरवात केल्यान. मी बारा बियो जिंकलंय. २ जानेवारी २०१९ क सर गेले, काको दिसभर जेवलो नाय.

आबोली
बिया आहेत का जपून? 🙂

खळं
भाजून खाल्लंय गे. पावस लागलो होतो.

सडा
दिलीप वेंगसरकर राजापूरचा जन्म, हे पण नोंदवा कोणीतरी. लॉर्ड्सवर तीन कसोटी शतकं, १९७९, ८२, ८६. आमच्या मास्तरांनी फळ्यावर लिहून ठेवलेलं.

बंदरकाठ
बोटीवरून लिहितोय, रेंज येतेजाते, तुटक वाटलं तर सांभाळून घ्या.

माझा मोठा भाऊ हर्णैच्या पुळणीवर पळायचा. ओहोटीला वाळू घट्ट असते तेव्हा. अनवाणीच, बूट कुणाकडे होते. तालुक्याला पहिला आला. पुढच्या स्पर्धेला गेला तर बूट नाहीत म्हणून रांगेतून बाजूला काढलं. घरी येऊन जाळ्यांच्या ढिगाऱ्यामागे झोपून राहिला, दोन दिवस जेवला नाही. शाळेतले एक गुरुजी आले. त्यांनी त्याला अबेबे बिकिला सांगितला. इथिओपियाचा, राजाच्या पहाऱ्यावरचा शिपाई. १९६० रोम, मॅरेथॉन, अनवाणी, रात्रीच्या दिव्यांत, दगडी रस्त्यावर. २ तास १५ मिनिटं १६ सेकंद, तेव्हाचा जागतिक विक्रम. इटलीने इथिओपियातून उचलून आणलेला अक्सूमचा स्तंभ रस्त्यात लागला, त्याच्या जवळून त्याने वेग वाढवला. गुरुजींनी हा भाग दोनदा सांगितला. मग १९६४ टोकियो, अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन काही आठवडेच झालेले, तरी परत पहिला. मॅरेथॉन लागोपाठ दोनदा जिंकणारा तो पहिलाच.

भाऊ पुढे मोठा धावपटू वगैरे झाला नाही. तांडेल झाला. गेली वीस वर्षं बोट त्याच्याच हातात आहे. माझ्या मुलीला मी पहिले बूट घेऊन दिले तेव्हा तो म्हणाला, दे, पण सकाळी अर्धा तास अनवाणी पळव, पाय घट्ट होतात. ती पळते.

बिकिलाचा १९६९ ला मोटार अपघात झाला, पाय गेले. तरी चाकाच्या खुर्चीत बसून तिरंदाजीच्या स्पर्धेत उतरला. हे गुरुजींनी नव्हतं सांगितलं. मी वाचलं आणि भावाला सांगावं की नको असा विचार करत होतो. सांगितलं शेवटी. तो म्हणाला ठाऊक आहे मला

आबोली
बंदरकाठ, रेंज गेली वाटतं.

कोकम
वाचतेय सगळं. मला आरती साहा लिहायची होती. लेकीने मालवणला चिवला बीचवरच्या समुद्रातल्या पोहण्याच्या स्पर्धेत नाव दिलं, अर्ध्यातून बोटीत घेतली तिला. घरी येऊन टोपी फेकली. मी सांगितलं, आरतीचा पण १९५९ च्या ऑगस्टमधला इंग्लिश खाडीचा पहिला प्रयत्न फसला होता, किनारा जवळ आलेला असताना. महिन्याभराने २९ सप्टेंबरला ती परत उतरली आणि पार झाली, आशियातली पहिली बाई. लेक म्हणाली, तिला जेलीफिश लागलेले का? आता हे मला कुठून माहीत असणार! अजून बोलत नाहीये माझ्याशी. पण टोपी धुऊन वाळत घातली आहे तिने.

पेटीहापूस
घातलीय ना वाळत. मग झालं.

रातांबा
विषय सोडून विचारते, परतीचं कोकणकन्याचं वेटिंग कोणाचं कन्फर्म झालंय का? आमचे चौघं आहेत.

सडा
नाही झालं. आम्ही यष्टीने जाणार. घाटात खड्डे आहेत, गोळी घेऊन बसा.

खळं
तेरडा खय गेली? बाबांचा काय झाला?

तेरडा
आहे इथेच, मोदकांचं चाललंय. सगळ्यांचं वाचलं, दोन वेळा डोळे पुसले. बंदरकाठच्या भावाला माझा नमस्कार.

रातांबा, कणकवलीला सोमवारची वेळ घेतली. बाबा हो म्हणाले.

दुपारी त्यांना फोनवर अली दाखवला. चष्मा लावून दोनदा बघितला. त्या वेळी ते मुंबईला नोकरीवर होते, आजोबांची ही गोष्ट त्यांना ठाऊकच नव्हती. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, कवंडळ तारेने बांधायचं म्हणजे बारीक पकड लागते, सुंभ असेल तर मला जमेल. घरात सुंभ नाही. माळ्यावर बघायला चढले तर पखवाज दिसला, खोळीसकट.

कोकम
सुंभ आमच्याकडे आहे, हाताने वळलेला. तुम्ही कसालच्या बाजूला का? सकाळी लेक सायकलवरून आणून देईल.