‘वॉर्म टोन’: उष्ण, उबदार की आणखी काही?

घाटवाट: फोटोग्राफीच्या कार्यशाळेचं टिपण मराठीत करतोय. ‘वॉर्म टोन’ला, म्हणजे फोटोतल्या पिवळट-तांबूस झाकेला, ‘उष्ण छटा’ लिहिलं. बायको म्हणाली, “उष्ण पपई असते. संध्याकाळच्या उन्हातली भिंत कसली उष्ण?” ‘उबदार’ लिहावं तर गोधडी डोळ्यांसमोर येते. काय करू?

जुनाखडू: उष्ण रंग, शीत रंग. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्या प्रत्येकाला पाठ आहेत. नवे शब्द पाडू नका.

लोणकढी: सर, ते पोस्टर कलरपुरतं ठीक. फोटोत गोची वेगळीच. तिथे उजेडाचा रंग केल्विन या तापमानाच्या एककात मोजतात, त्याला रंगतापमान म्हणतात. मेणबत्तीचा उजेड साधारण १९०० केल्विन, दुपारचं ऊन ५५००, निरभ्र आकाशाखालची सावली त्याच्याही वर. म्हणजे आपण ‘शीत’ म्हणतो तो निळा उजेड केल्विनच्या हिशेबात जास्त तापलेला! लोहाराला विचारा, लाल लोखंडापेक्षा पांढरं झालेलं जास्त तापलेलं असतं. ‘उष्ण’ आणि ‘रंगतापमान’ एकाच पानावर आले की मुलं गोंधळणार. उबदारच बरं.

टिपकागद: ‘उबदार’मधला ‘दार’ फारसी. शुद्धच हवं असेल तर तोही गेला. शिवाय ‘ऊन’ हा ‘उष्ण’चाच पोरगा; आमची आजी ‘पाणी ऊन कर’ म्हणायची. तेव्हा उन्हातली भिंत उष्णच, वहिनींना सांगा :)

मोरपंखी: ‘कॉन्ट्रास्ट’ला काय लिहिलंत?

घाटवाट: विरोध.

मोरपंखी: विरोध घरच्यांचा असतो हो, लग्नाला! आई ‘उठाव’ म्हणायची. हिरव्या शेतात लाल लुगडं आलं की फोटोला उठाव येतो.

जुनाखडू: उठाव शिल्पात असतो. रंगचक्रात समोरासमोर येतात ते विरोधी रंग: लाल-हिरवा, निळा-नारिंगी.

लोणकढी: ते रंगपेटीचं चक्र. कॅमेऱ्याच्या उजेडात लालसमोर सायन (हिरवट निळा) येतो आणि हिरव्यासमोर मॅजेंटा (जांभळट गुलाबी). आणि कृष्णधवल फोटोतला कॉन्ट्रास्ट? तिथे विरोधी रंग कुठून आणणार? मी तर सरळ ‘कॉन्ट्रास्ट’च लिहितो, साडीच्या दुकानातही तोच चालतो.

जुनाखडू: दुकानदारांवर भाषा सोडली की संपलंच.

मोरपंखी: दुकानदारांनीच आमसुली, श्रीखंडी, चिंतामणी टिकवलेत, सर. चंद्रकळा घ्या. काळी साडी, लाल काठ. ते कुठल्या चक्रात बसतं?

टिपकागद: आमच्याकडच्या चंद्रकळेचा काठ हिरवा होता.

घाटवाट: मंडळी, ‘वॉर्म’चं काय ठरलं? टिपण उद्या छापायला द्यायचंय.

जुनाखडू: उष्ण.

लोणकढी: उबदार.

मोरपंखी: टिपकागद, हिरवा काठ? नक्की चंद्रकळाच ना ती?