नॅचरल रबरात फायबर घातलं तर ताकद वाढायच्या ऐवजी कमी झाली, असं का?

नवखा_मिक्सर
नमस्कार मंडळी, प्रोजेक्टसाठी टू-रोल मिलवर (दोन फिरत्या रोलांमध्ये रबर दाबून मिसळायचं यंत्र) नॅचरल रबराचे चार बॅच काढलेत. एक साधा गम (म्हणजे पूड किंवा फायबर न घातलेलं रबर), एकात 50 पीएचआर (100 भाग रबराला वजनाने 50 भाग) कार्बन ब्लॅक म्हणजे काजळी (एन 330 ग्रेड), एकात 50 पीएचआर साधी खडूची पूड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि एकात 10 पीएचआर सिसल (घायपाताच्या जातीचा) फायबर, 6 मिमीचे तुकडे कापून. मला वाटलं होतं की काहीही कडक घातलं की रबर मजबूत होणार, पण खडूवाला नुसता जड झाला आणि ताकद उतरली, आणि फायबरवाला कडक झालाय खरा पण गमच्या निम्म्यावरच तुटतोय!! ब्लॅकवाला तेवढा बरा आलाय. माझं मिक्सिंग चुकलं का मुळात समजच चुकलीय?

काजळीवाला
समज चुकलीय, मिक्सिंगचं नंतर बघू.

पहिली गोष्ट, नॅचरल रबर हा काही दुबळा माल नाही. ताणला की त्याच्या साखळ्या एका रांगेत येतात आणि तिथेच बारीक स्फटिक तयार होतात, भेग पुढे सरकायला लागली की तिच्या टोकाशी ताण जास्त म्हणून स्फटिकही तिथेच जास्त, म्हणजे रबर स्वतःच स्वतःचा फिलर (मजबुतीसाठी घालायचा भराव) बनवतं. म्हणून गमच तुटेपर्यंत 20 एमपीएच्या (मेगापास्कल, ताणाचं माप) वर सहज जातो. एसबीआरचा (स्टायरीन-ब्युटाडाईन, कृत्रिम रबर) गम याच्यापुढे अगदी लेचापेचा, त्यात ब्लॅक घातलं की ताकद कित्येक पटींनी वाढते आणि लोकांना जादू वाटते. तुझ्या रबरात ती जादू ताकदीच्या आकड्यात दिसणार नाही, मॉड्युलस (ताणताना लागणारा जोर, म्हणजे कडकपणा), फाटणं आणि घासून झिजणं यात दिसेल.

आता खडू आणि ब्लॅकमधला फरक. 50 पीएचआर ब्लॅक म्हणजे घनफळाने साधारण 20 टक्के. नुसते कडक गोळे भरलेत असं धरून गुथ-गोल्डचं सूत्र लावलं (1 + 2.5φ + 14.1φ², φ म्हणजे फिलरचा घनफळातला वाटा) तर मॉड्युलस जेमतेम दुप्पट निघतो. एवढं तर कुठलीही पूड देते. ब्लॅक याच्या वर जातं ते पृष्ठभागामुळे. एन 330 चा पृष्ठभाग ग्रॅमला साधारण 80 चौरस मीटर, म्हणजे तुझ्या 50 ग्रॅममध्ये 4000 चौरस मीटर, जवळजवळ एक एकर! तेवढ्या जागेवर रबराच्या साखळ्या चिकटून बसतात. साध्या दळलेल्या खडूचा ग्रॅमला एकदोन चौरस मीटर असेल, आणि त्यालाही रबर नीट धरत नाही, ताणलं की कण एकीकडे रबर एकीकडे, मध्ये पोकळी. त्या पोकळीतूनच फाटतं.

शिवाय ब्लॅकचे कण सुटे नसतातच, ते एकमेकांना जोडलेले, घोस असतो. घोसाच्या खाचांत अडकलेलं रबर ताणलं जात नाही, तेही फिलरसारखंच वागतं.

खात्री करायचीय? क्युअर न केलेला (तापवून पक्का न केलेला) ब्लॅकवाला तुकडा बारीक जाळीत बांधून टोल्युइनमध्ये काही दिवस ठेव. सगळं रबर विरघळणार नाही, ब्लॅकला धरून जेलसारखं मागे राहील, तेच बाउंड रबर. खडूवाल्यात असं फारसं काही उरणार नाही.

(अवांतर: टायर आधी पांढुरके असायचे, झिंक ऑक्साइडमुळे. ब्लॅकचा हा गुण 1904 च्या सुमारास इंग्लंडमधल्या सिल्व्हरटाउनला एस. सी. मोट यांच्या लक्षात आला.)

दोन_रोल
वरचं सगळं बरोबर, पण फायबरचं उत्तर राहिलंच. @नवखा_मिक्सर, डंबेल (ताणून तोडायचे नमुने) कुठल्या दिशेने कापलेस? मिलच्या दिशेने की आडवे?

नवखा_मिक्सर
अं... शीटमध्ये जसे बसतील तसे 🙈

दोन_रोल
झालं मग. मिलमधून जाताना फायबर शीट सरकते त्या दिशेने झोपतात. त्या दिशेने ओढलंस तर ते भार घेतात, आडवं ओढलंस तर फायबर म्हणजे रबरातल्या फटीच. दोन्ही मिसळून सरासरी काढलीस म्हणजे त्या आकड्याला अर्थच नाही. निप (दोन रोलांमधली फट) बारीक करून शीट एकाच दिशेने परत परत सोड आणि त्यावर बाण काढून ठेव, मोल्डमध्ये टाकताना हमखास विसरायला होतं.

आणि सरळ दिशेतही 10 पीएचआरला ताकद गमपेक्षा कमीच येईल, घाबरू नकोस. थोडेच फायबर असले की भार वाटून घ्यायला ते पुरत नाहीत, पण प्रत्येकाच्या टोकाशी ताण मात्र साचतो, आणि रबराच्या त्या स्फटिकांच्या कामातही अडथळा येतो. आणखी भरत गेलास की मग आकडा परत वर चढतो, 20-30 पीएचआरपर्यंत जाऊन बघ. लांबण मात्र पार कमी होणार, ते गृहीत धर.

सिसल नुसता धुऊन घातलास का?

नवखा_मिक्सर
हो, धुतला आणि उन्हात वाळवला.

दोन_रोल
मग तो रबराला धरणार कसा? सिसल म्हणजे सेल्युलोज, त्याला पाणी प्रिय, रबराला नाही. सौम्य कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजव, वरचं मेण आणि हेमिसेल्युलोज निघतं, पृष्ठभाग खडबडीत होतो. मग धुऊन ओव्हनमध्ये वाळव, ओलावा राहिला तर क्युअर होताना बुडबुडे. आणि कंपाउंडमध्ये रिसॉर्सिनॉल, हेक्सा (हेक्सामिथिलीनटेट्रामीन) आणि थोडी सिलिका ही तिकडी घाल, क्युअर होतानाच रेझिन बनून फायबर रबराला जोडलं जातं. तुटलेला तुकडा भिंगाखाली बघ, उघडे गुळगुळीत फायबर आणि त्यांच्या जागी भोकं दिसली तर पकड नाही.

पांढरा_फिलर
जाता जाता, सिलिका "थोडी" पेक्षा जास्त घालायचा मोह झाला तर सांभाळून. तिच्या पृष्ठभागावरचे सिलॅनॉल (Si-OH) गट एकमेकांनाच धरतात, गुठळ्या होतात, वर अ‍ॅक्सिलरेटरही (क्युअर वेगात करणारं रसायन) शोषून घेतात आणि क्युअर रेंगाळतो. तिला मुख्य फिलर करायचं तर सिलेन (सिलिकाला रबराशी जोडणारं रसायन) लागतं, आणि ती रिअ‍ॅक्शन व्हायला मिक्सिंग साधारण 140 ते 155 अंशांवर, फार वर गेलं की कंपाउंड आतच स्कॉर्च व्हायची (वेळेआधीच क्युअर व्हायची) भीती. ओपन मिलवर हे जमवणं कठीण, त्याला इंटर्नल मिक्सरच (बंद पेटीचा मिक्सर) पाहिजे.

नवखा_मिक्सर
उरलेल्या शीटमधून दोन्ही दिशांचे वेगळे डंबेल कापले. सरळवाले आडव्यांपेक्षा बरेच वर, तरी गमच्या खालीच, म्हणजे दोन_रोल म्हणाले तसंच. सिसल कॉस्टिकमध्ये भिजत टाकलाय. 20 चा बॅच परवा काढतो, बाण काढून!