मदत हवी आहे: एकाच इंग्रजी शब्दाचे दोन उलटे अर्थ पोरांना कसे समजवावेत?

नमस्कार मंडळी,

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. संध्याकाळी आमच्या ओसरीत आठवी ते दहावीची बारा-तेरा पोरं अभ्यासाला बसतात. इंग्रजी मीच घेते.

मागच्या आठवड्यात 'डस्ट' या शब्दावर गाडी अडली. 'डस्ट द टेबल' म्हणजे टेबलावरची धूळ पुसा, हे पोरांचं पाठ होतं. पुढे वाक्य आलं, 'द फार्मर डस्टेड द क्रॉप विथ सल्फर'. एकानं लिहिलं, शेतकऱ्यानं गंधकानं पिकावरची धूळ झाडली. मी खोडलं, तर म्हणाला, "ताई, येका जागी काढाची, येका जागी टाकाची. मंग आमी कोनतं धराचं जी?" मिरचीवर भुरी आली तेव्हा याच पोरानं बापासोबत गंधकाची भुकटी धुरळली होती. काम हाताला ठाऊक, शब्दानं दगा दिला. मला फार वाईट वाटलं.

शोधायला बसले तर असे शब्द निघतच गेले. गावात सगळे म्हणतात 'पीककर्ज सँक्शन झालं', आणि इराणवर अमेरिकेच्या 'सँक्शन्स' म्हणजे निर्बंध. 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेख आणि नजरचूकही. परवा लाइट गेली तेव्हा आम्ही अंगणात आलो. मी म्हटलं, 'द लाइट्स आर आउट', म्हणजे दिवे गेले. सातवीतली एक पोरगी नुसती ऐकायला येते, तिनं वर बोट दाखवलं, "अन् तारे?" तर 'द स्टार्स आर आउट', म्हणजे तारे निघाले! सांगताना मीच अडखळले.

अर्थ ओळखायची एखादी खूण आहे का? नुसतं पाठ करा म्हणायला जीव होत नाही. परवा चाचणी आहे, लवकर सांगा.

प्रतिसाद

ताई, तुम्ही वर लिहिलंय 'परवा लाइट गेली' आणि खाली 'परवा चाचणी आहे'. एक परवा मागचा, एक पुढचा. वाचताना कुणी अडलं नाही, कारण 'गेली' आणि 'आहे' यांनी सांगून टाकलं. पोरांना सुरुवात इथूनच करून द्या.

मग इंग्रजीतही शेजारचा शब्द बघायला लावा. 'डस्ट'च्या पुढे 'विथ सल्फर', 'विथ शुगर' असं टाकायची वस्तू आली की भुरभुरणं. 'गणेश लेफ्ट' म्हणजे गेला, 'ओन्ली गणेश इज लेफ्ट' म्हणजे उरला. सगळी करामत त्या 'इज'ची. 'सँक्शन्स ऑन' किंवा 'अगेन्स्ट' दिसलं की निर्बंध, कर्ज किंवा योजना 'सँक्शन' झाली की मंजुरी. मूळ लॅटिन शब्द कायदा ठरवून देण्याचा. कायदा परवानगीही देतो आणि दंडही करतो, म्हणून दोन्ही अर्थ त्यातूनच फुटले.

सगळ्यांची गोष्ट अशी नाही. 'क्लीव्ह' म्हणजे चिरणं आणि चिकटून राहणंही, पण जुन्या इंग्रजीत ती दोन वेगळी क्रियापदं होती. उच्चार घासून एकसारखे झाले.

धागाकर्ती

मनापासून आभार. आज 'परवा'पासूनच सुरुवात केली. पोरं एकदम सरसावून बसली. एक पोरगी म्हणाली, "ताई, नारळ फोडतो तरी वाढवला म्हनतो नं!" डस्टवाल्या पोरानं स्वतःहून 'विथ'खाली रेघ मारून दाखवली.

आता 'फास्ट'पाशी अडलोय. खुंट्याला घट्ट बांधलेला बैलही 'टाइड फास्ट' आणि शंकरपटात पळणाराही 'फास्ट', हे कसं? उद्या विचारतील. कुणाला नीट माहीत असेल तर रात्रीपर्यंत लिहा.